उलटा हात

सुपडाफुईचा तळहात मला कधी लागला नाही.
लागायचा तो उलटा हात,
बोटांची पेरं, मनगटाचं हाड,
फारच लाड आले तर कोपर.
नंदुरबारच्या पथारीवर दिवसभर मिरचीची देठं खुडणारी बाई
पोराच्या गालाला सरळ हात लावत नाही.

आई सिव्हिलमध्ये आया, पाळी रात्रीची.
दिवसा ती झोपायची आणि मी फुईच्या मागे मागे.
फुई म्हणजे बापाची बहीण, आमच्याकडे.
ती माझ्या बापाची कुणीच नव्हती.
भिंत एक होती आमची, आणि नळ.

नाव असं का, तर आधीची दोघं गेली
म्हणून हिला सुपात घालून
उकिरड्यापर्यंत ओढत नेलं, मग परत आणलं.
"फेकेल व्हतू मी," ती सांगायची, "म्हनीसन टिकनू."

माघात रेल्वेच्या रुळापर्यंत सगळं लाल.
सुरतेची पॅसेंजर यायची तेव्हा
खिडक्या धडाधड बंद व्हायच्या.
आम्ही हसायचो.
आतले डोळे चोळत आमच्याकडे बघायचे
आणि फुई त्यांना कोपरानं टाटा करायची.

रात्री ती ताकाच्या पातेल्यात हात बुडवून बसे.
रेडिओचं बटण मी फिरवायची.
तिचा कान मी खाजवायची.
एकदा डोळ्यात चिलट गेलं,
ते मी काढलं, तिच्याच पदराच्या टोकानं,
ती "हळू वो, हळू" म्हणत असताना.
सात वर्षांची होते. वाटायचं,
आपण नसलो तर हिचं कसं होईल.

नाशिकला निघाले तेव्हा
शंभराची नोट दोन बोटांच्या चिमट्यात धरून
तिनं माझ्या पर्समध्ये सोडली.
उलट्या हातानं देऊ नये म्हणतात.
मला तरी लाभली.
पर्स मात्र वर्षभर शिंकवत होती.

आखाजीला चार दिवस असताना गेली.
घागर यंदा भरायची की पुढच्या वर्षी
यावर बायकांचं एकमत होईना.
आंघोळ घालताना मला पुढे केलं, पोटचं कुणी नव्हतं.
कुणीतरी म्हणालं, हात धू तिचे, नीट,
आणि मी मूठ उघडली.

असा होता तर.
रेषा पुसलेल्या नव्हत्या, नुसत्या तपकिरी,
वाळल्या देठांसारख्या.
अंगठ्याखाली एक तीळ.
चाळीस वर्षं जुनी ओळख, आणि हा तीळ मला माहीत नव्हता.

पथारी सोडून तिला दोन वर्षं झाली होती.
दोन वर्षं हे हात थंड होते
आणि माझ्या लक्षात आलं नाही.
दिवाळीला आले तेव्हाही
तिनं उलटाच हात फिरवला, सवयीनं.
मीही सवयीनं गाल पुढे केला.

ठेवला तो तळहात गालावर.
बायका थांबल्या. कळशीतलं पाणी
कुणाच्या तरी पायावर सांडत राहिलं.
काही झोंबलं नाही.
थोडं झोंबलं असतं तर बरं झालं असतं.

दहाव्याला तिची खोली आवरताना
मोगीबाईनं कोपऱ्यातलं बारदान उचलून झटकलं,
ज्यावर बसून फुई देठं खुडायची ते.
दारं लावलेली, ऊन चव्वेचाळीसच्या पुढे.
एका क्षणात सगळ्या जणी ठसकायला लागल्या,
नाकातून, डोळ्यांतून धारा,
ज्या आतापर्यंत रडल्या नव्हत्या त्यासुद्धा.
रडणं कोणतं, ठसका कोणता,
तेवढ्याशा खोलीत कळेना.

मोगीबाई तोंडाला पदर लावून म्हणाली,
"देखा, बोलनीच शेवटी."

आणि मला शिंक आली.