काठी : दहा रुपये

वेंगुर्ल्याची गाडी आंबोलीत बंद पडली,
बेळगावात पोचले तेव्हा
स्टँडावरचे हमालही जेवून लवंडले होते.
माझ्याबरोबर तीन बोचकी :
एकात सोडे, एकात गोलमो,
तिसऱ्यात बांगडा, मिठानं लाकूड झालेला.
उद्या शनिवार, बाजार माझा.
रात्र कोणाची, ते ठरायचं होतं.

लॉजचा बोर्ड : वर कन्नड, ठळक,
खाली मराठी, मुंगीएवढं,
आणि सगळ्यांत मोठा फोन नंबर.
काउंटरवर मुरिगेप्पा.
कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कानावर पेन,
नाकाला रुमाल, तो मी आत शिरल्यावर लावलेला.

"एकट्याच काय ओ?"
"एकटी कसली. तीन बोचकी आहेत."
"तेच विचारतोय की. आत काय?"
खोटं बोलले असते, तर वास बोलला असता.

रजिस्टरात रकाने.
नाव : सत्यवती गिरप.
कुठून : वेंगुर्ला, बंदरामागे.
कुठे जाणार : परत.
येण्याचं कारण, तिथं पेन त्यानं काढून घेतलं,
स्वतःच लिहिलं, कन्नडमध्ये.
बराच वेळ लिहीत होता.

"दोनशे ऐंशी. गरम पाणी सहा ते सात.
तुम्ही वर. ते मागं, अंगणात, फरशीवर.
मीन रूममधी बेडा री, बेडा."
'बेडा' एवढं मला येतं.
गिऱ्हाईक उठून जाताना तेच म्हणतं.

खोली नंबर नऊ.
गादीत आधीच्या माणसाचा खळगा,
माझ्याहून वीतभर लांब.
साबणाची वडी बिस्किटाएवढी,
खिडकीला जाळी, जाळीला कुणाचा तरी केस.
पंखा समुद्रासारखा वाजतो म्हणतात लोक.
नाही वाजत.
समुद्र मधे थांबतो, दम खातो.
हा आपला एकाच सुरात
शेजारणीची कागाळी सांगावी तसा.

दोनच्या सुमाराला मांजरं आली.

आधी आवाज, मग जाळीला नाक लावून बघितलं :
कंपाउंडावर सात, टाकीवर दोन,
एक गाभण, पत्र्यावर, घाई नसलेली.
आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत मुरिगेप्पा,
मांडीवर काठी, नाकाला रुमाल,
बांगड्याकडे पाठ करून.
"होग! होग!"
मांजरांना कन्नड कळत होतं,
जायचं मात्र नव्हतं.

मी पदर खोचला, चप्पल शोधली.
मग बसले पुन्हा खळग्यात.
घरीसुद्धा मालावर मीच निजते,
एक डोळा उघडा ठेवून.
त्या रात्री दोन्ही मिटले.
लाज वाटते सांगायला :
जाग आली तेव्हा पावणेसात,
नळाचं पाणी कोमट.

"तुम्ही अंघोळ करून घ्या की बाई,
मी चादर काढतो, मग खाली जातो,"
झाडू घेऊन दारात कल्लव्वा.
इथल्या बायका अशाच बोलतात, येतो, जातो, करतो.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागं वळून
पुरुष शोधला होता.
आता बरं वाटतं कानाला.

बिल कन्नडमध्ये.
चहाची किटली घेऊन आलेल्या दादापीरनं
बोट फिरवून वाचलं :
"रूम, दोनशे ऐंशी. चहा, दहा.
आणि हे... काठी. दहा."
"काठी?"
"मोडली म्हणं. टाकीवर बसली.
मांजराला नाय लागली."

अख्खा जन्म घासाघीस केलेली मी,
तीनशे रुपये मोजून ठेवले, गप्प.
मूठभर सोडे काढायला हात गेला,
विभूतीकडे बघून मागं आला.
पिशवीत आगळाची बाटली होती,
बहिणीसाठी आणलेली. ती ठेवली काउंटरवर.

मुरिगेप्पानं रुमाल खाली केला.
मिशी होती त्याला, रात्रभर मला ठाऊकच नव्हतं.
बूच काढून हुंगलं,
पुन्हा हुंगलं.
"हे झाडाचं ना?"
"झाडाचं."
बाटली ड्रॉवरमध्ये गेली, रजिस्टराच्या खाली.

"येतो हं, अण्णा," मी म्हटलं.
त्यानं घड्याळ बघून
जाण्याची वेळ लिहिली.
रिक्षामागं वळणापर्यंत
ती गाभण मांजर आली होती,
तीसुद्धा चालत, सावकाश.