ओहोटीची वही

डॉक्टर विचारते, एक ते दहा, किती?
गुडवाइगला आकड्यांत सांगता येत नाही.
ती म्हणते, आज वारा ईशान्येचा,
होड्यांना दुहेरी दोर लागतील इतका.
डॉक्टर दक्षिणेकडची. ती सात लिहिते.

एकतीस वर्षं वार्डोच्या कारखान्यात
बर्फाच्या पाण्यात हात घालून
कॉडची पोटं फाडली.
दुखणं अंगावर काढलं,
ओला कोट अंगावरच वाळवावा तसं.

पन्नाशीत पाळी गेली, तिच्यामागोमाग झोप,
आणि खांद्यांतून, मांड्यांतून, दाढेच्या मुळातून
काहीतरी जागं झालं
रक्ताच्या कुठल्याच तपासणीत न सापडणारं.
वय झालं, दीर म्हणाला.
वय तर त्याचंही झालं होतं.

आता ओटीपोटावर एक पारदर्शक पट्टी,
काडेपेटीपेक्षा लहान,
सोमवारी आणि गुरुवारी बदलायची.
रात्री मॅग्नेशियम, खडूच्या चवीचं.
साखर बंद. तपकिरी चीज
फक्त रविवारी, तेही कागदासारखं पातळ.
आणि सकाळी चमचाभर तेल:
ज्यानं बोटं वाकडी केली
त्याच माशाच्या काळजाचं.
फिटलं, ती त्याला म्हणते, आणि गिळते.

वहीत लिहिते.
अकरा फेब्रुवारी. सलग चार तास झोप.
बरणीचं झाकण मीच उघडलं.
एकोणीस. काही नाही.
तीन मार्च. तुरबियॉर्गकडे वॉफल, तीन.
तिनं आग्रह केला नव्हता.
चार मार्च. भरलं.

दुखणं जातं मुंगीच्या पावलांनी, म्हणतात.
वार्डोत मुंग्याही फारशा नाहीत.
नेमकं कशानं, तिला ठरवता येत नाही.
पट्टीनं? तेलानं?
की दोन महिन्यांनी परतलेल्या उन्हानं,
जे कुठल्याच दुकानात मिळत नाही?
तुरबियॉर्ग यादी मागते.
देते, म्हणते, पण आधी
तुझ्या रक्ताला विचार. माझ्या नको.

एप्रिलमध्ये पुन्हा, एक ते दहा?
ती वहीच पुढे सरकवते.
शेवटच्या पानावर तीनच ओळी:

आज ओहोटी.
काय काय उघडं पडलंय ते बघायला गेले.
एक रबरी हातमोजा, डाव्या हाताचा. वाकून उचलला.

डॉक्टर "वाकून" या शब्दाखाली
पेन्सिलीनं रेघ ओढते,
आणि आकड्याची चौकट
रिकामी सोडते.