जिव्हाळी

जर्मनीहून दहा यायच्या, त्यातल्या तीन बोलायच्या.
चार नुसता श्वास गिळायच्या.
उरलेल्या तिघी मस्कतच्या कस्टममध्येच चिरायच्या,
कारण कुणीतरी डबी उघडून
उन्हात विचार करत बसलेलं असायचं,
हे औषध, की विडीचा प्रकार?

दुबईच्या दुकानदाराने प्लास्टिकची पाठवली.
वाजली.
रिक्षाचा हॉर्नही वाजतोच.
कुवेतचा एक जण पैसे पोचल्यावर
असा गप्प झाला
की त्याच्याही तोंडात मेलेली पत्तीच असावी.

आणि गुरुवारच्या तालमीत
साठ माणसं माझ्याकडे बघत थांबलेली.
आधी ओबोने स्वर द्यायचा,
मग सगळ्यांनी आपापलं वाद्य त्याला लावायचं.
मी वाजंत्र्याचा पोर.
सूर पहिला आमचा, पंगत शेवटची,
एवढंच मला ठाऊक होतं.

क्लॅरिनेटवाल्या रोडेलने पत्ता दिला:
सीदाब, मासळीच्या लिलावामागे,
निळा दरवाजा. घंटा चालत नाही.

जुवैना बिन्त खल्फान.
एके काळी फौजेच्या बँडमध्ये ओबो.
दाढेच्या शस्त्रक्रियेत खालचा ओठ गेला,
म्हणजे दिसतो, पण कळत नाही.
आता इशाच्या नमाजानंतर स्वयंपाकघरात
कांद्यांच्या टोपलीशेजारी बोरू चिरत बसते.

भाव सांगितला नाही.
म्हणाली, आधी तुझी मेलेली दाखव.
मी खोकल्याच्या गोळ्यांचा डबा उघडला.
एकेक उजेडात धरून
दातांचे वळ मोजले तिने.
“चावतोस. कुणाला घाबरतोस?”

महिन्याला दोन. तिसरी मागायची नाही.
मेलेली परत आणायची
आणि कोणत्या सुरावर मेली ते सांगायचं.
बांधायला बापाच्या जाळ्यातला हिरवा दोरा,
ज्यातून सुरमई सुटली नाही
त्यातून हवा काय सुटणार.

तिला ओठाने पारखता येत नाही.
फुंकायला भाची, घाया, वय नऊ.
जुवैना तिच्या गालाला बोटं लावून ऐकते.
नुसती पत्ती फुंकली की कर्कश ओरडते,
तशी ओरडली.
“गुराब!” पोरगी हसली.
कावळा.

जतच्या ओढ्याकाठी बाबांच्या दहाव्याला
तासभर कावळा शिवला नाही.
भावाने फोन धरून ठेवला होता.
मी इथे पडद्यामागे, काळ्या सुटात,
ऐकत होतो:
वारा, कुणाचं तरी खाकरणं, लांब म्हशीची घंटा.
शेवटी दर्भाचा करून शिववला.
गवताचाही चालतो, भटजी म्हणाले.

बाबा पत्ती बशीतल्या चहात भिजवायचे,
मग तोच चहा प्यायचे.
जिव्हाळी म्हणत तिला.
हा शब्द मी जुवैनाला शिकवला.
तिला ळ जमेना.
जिव्हाली, जिव्हारी, करत राहिली,
आणि सुरी थांबली नाही.

वर्षभर एकही दगा नाही.
साठ माणसं मच्छीमाराच्या दोऱ्याला
आपली वाद्यं लावत होती
आणि कुणालाच पत्ता नव्हता.

मग ऑगस्ट. ती निघाली सलालाला,
डोंगरावरच्या धुक्यात, बहिणीकडे.
माझ्यापुढे सहा नळ्या ठेवल्या नि एक बोथट सुरी.
“हिला धार लावून घे.”
आणि माझ्या पत्त्या?
“त्याच तर दिल्या.”

पाच वाया घालवल्या.
पहिली चिरली, दुसरी अंगठ्यात शिरली,
तिसरी, चौथी मुकी,
पाचवी रागाने मीच मोडली.
सहावी ओरडते. घोगरी आहे,
मंचावर नेण्यासारखी नाही.
खोलीतला एसी बंद करून
बशीत चहा ओतला आहे.
भिजते आहे.

सप्टेंबरात विचारेल,
कोणत्या सुरावर मेली?
बघू.
सुरीला धार लावायची राहिलीच आहे.