दोन पोती

नारीनमध्ये जानेवारीत नदीसुद्धा गप्प असते.
माझं दुकान म्हणजे औषधवाल्याच्या जिन्याखालची जागा:
एक टेबल, एक हीटर,
आणि काचेवर चिकटवलेला कागद –
जिपार. फोन दुरुस्ती. उधारी नाही.

मुकाश बायके आला तेव्हा मिशीवर बर्फ होता.
कारा-केचेच्या खाणीतला कोळसा
तो ट्रकमधून दारोदार पोचवतो.
फोन त्यानं केसाळ टोपीतून काढला,
कोंबडीखालचं अंडं काढावं तसा.
"परवापासून नुसतं कंपनीचं नाव दाखवतो.
मग विझतो. मग परत नाव.
म्हाताऱ्या मास्तरासारखा,
हजेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून हजेरी."

अपडेट अर्ध्यात होतं, बॅटरी संपली,
आणि गावात वीज नव्हती. एवढंच.
आपण फोन आहोत हे फोनला ज्या ओळींमुळे कळतं
त्या आता अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या.
"म्हणजे मेला?"
"नाही. उठतो, पण कशासाठी उठलो ते आठवत नाही."
"ते तर माझंही होतं," तो म्हणाला,
आणि हीटरवर हात धरून बसला.

फर्मवेअरची फाइल रात्रभर उतरवली होती,
औषधवाल्याच्या वायफायवरून, त्याला न सांगता.
तीन केबल. दोन नुसत्या चार्ज करतात,
तिसरी बोलते, पण वाकडी धरली तरच.
आवाजाचं बटण आणि पॉवर एकदम दाबायचं, श्वासही धरायचा
(श्वासाची गरज नसते, मी धरते),
मग निळा पडदा, मग लॅपटॉपच्या कोपऱ्यात
एक चौकोन उजळतो: पोर्ट सात.
ओळख पटली.

आता दोन फाइली.
एक सगळं पुसून नवं लिहिते,
दुसरी तुमचं सामान न हलवता भिंती बांधायला बघते.
"आत काय आहे, बायके?"
"यादी. कोणाकडे किती पोती."
"वहीत नाही?"
"वहीनं बायकोनं चूल पेटवली."

गेल्या फेब्रुवारीत मी दोन पोती घेतली होती.
काचेवरचा कागद आतून उलटा दिसतो,
तरी त्यातलं 'नाही' मला वाचता आलं.
पुसणारी फाइल जास्त खात्रीची.
हे मी सगळ्यांनाच सांगते, आणि ते खरं आहे.
खरं होतं म्हणूनच बोट इतका वेळ थांबलं.
"तुला योग्य वाटेल ते कर," तो म्हणाला.
मी केलं.

पट्टी साठच्या पुढे गेली आणि वीज गेली.
हीटरची तार नारिंगी, मग तांबूस, मग काळी.
लॅपटॉपमध्ये अकरा टक्के.
केबलला कोणी हात लावेना.
थंडीत बॅटरी लवकर बसते हे ट्रकवाल्याला कोण सांगणार?
त्यानं आपला कोट काढून लॅपटॉपवर घातला,
पट्टी दिसेल एवढी फट ठेवली,
आणि त्या फटीपाशी आम्ही दोघं
डोकं लावून बसलो,
एकाच बिळात डोकावणारी दोन पोरं.

ब्याण्णव.
ब्याण्णव.
ब्याण्णव.
हिरवा.

फोन थरथरला. कंपनीचं नाव आलं.
विझलं.
परत नाव.
बायके पुटपुटला, "हजेरी."
आणि मग घोडा.
पडदाभर तांबडा घोडा, कपाळावर पांढरा ठिपका.
"विकला तो," बायके म्हणाला. "मागच्या शरदात."

"चष्मा घरी राहिला. यादी आहे का बघ. वाच."
मी वाचली.
आसिल्बू, शाळेजवळची: चार.
केमेल लोहार: एक, पैकी अर्ध्याचे दिले.
दवाखाना: नऊ.
सुयुन्बाय: सहा. तो तर आता बिश्केकला.
इथे मी पाणी प्यायले.
बाटलीत अर्धा बर्फच होता.
जिपार, फोनवाली: दोन.

"तीन," मुकाश बायके म्हणाला.
"तिसरं तू नव्हतीस तेव्हा जिन्यात टाकलं.
लिहायचं राहून गेलं."

अंधारात मी दोनचे तीन केले.
सेव्ह दाबलं.
त्यानं कोट उचलला, झटकला, अंगात घातला,
आणि टोपी हातात धरून विचारलं:
"दुरुस्तीचे किती?"