पंचेचाळीस किलो

पोन्सेच्या गॅरेजात रात्री
नेरेइदा पाइप वाकवते, मी टॉर्च धरतो.
एकोणऐंशी सालची टोयोटा,
आतून पार सोललेली.
हॉर्न तेवढा शाबूत. आणि उजवा इंडिकेटर,
तो मनात आलं तर लागतो.

एलिएझर दारातूनच हसतो :
गाडी बांधतेस की पिंजरा?
पंचेचाळीस किलो लोखंड,
सेकंदाचा दहावा हिस्सा पाण्यात.
त्याच्या मानेवर जुन्या आगीची चुणी आहे.
ती काही बोलत नाही,
वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढते.

शनिवारी सालिनासची पट्टी,
पाव मैल, की संपलं.
पण सोमवारी हीच गाडी
आईला डायलिसिसला नेणार,
आणि दोन्या इर्माला हेल्मेट कोण घालणार?
म्हणून डोक्याजवळच्या नळीवर
ती फोम चढवते, अंगठ्यानं दाबते,
मग स्वतःचं कपाळ आपटून बघते.
एकदा. दोनदा.
तू ये, म्हणते. मीही आपटतो.

अग्निशामक हाताला लागतो का,
तेही डोळे मिटून.
धुरात उघडे डोळे काय कामाचे?
तीनदा चुकली. चौथ्यांदा
ब्रॅकेट चार बोटं पुढं घेतला.

सोमवार. दोन्या इर्मा झगा सावरत
आडव्या दांड्यावरून आत उतरते,
देवाचं नाव आणि लेकीचं नाव
एकाच दमात घेते.
खांद्यांवरून दोन, कमरेला एक,
पट्टे आवळले जातात.
दवाखान्याच्या वळणावर
इंडिकेटर लागत नाही.
कुणी न सांगता म्हातारी
खिडकीतून हात बाहेर काढते.