सतरा एक

व्हॉर्म्सी बेटाभोवतीचा समुद्र गोठला
की बर्फावरच्या रस्त्याकडेला जुनिपरच्या फांद्या रोवतात,
सरळ, सारख्या अंतरावर.
माइमूच्या खिडकीतून सतरा दिसत.
तेवढेच एक तिनं मासळी संस्थेच्या
हिशेबवहीत मागच्या पानावर मांडले:

११ १११ १११ १११ १११ १११

आपल्या मोजणीत याचं डावीकडचं घर ‘मध्य’,
परार्धाच्या एक पायरी खाली.
तिला नावाशी काही देणंघेणं नव्हतं.
तिला एवढंच हवं होतं: हा फुटतो का?

पंधरा असते तर तीन-तीनचे घोळके पडले असते,
सोळा तर मधोमध दुमडले असते.
सतराला बाहेरून कुठे फट नाही.
आणि आत शिरायला दार असलंच
तर ते चौतिसाच्या पटीत एक मिळवूनच सापडेल,
इतकं तिनं चुलीपाशी बसून ताडलं होतं.
एकशे तीन. नाही.
एकशे सदतीस. नाही.
दोनशे एकोणचाळीस.

फेलिक्स यंत्राची मूठ फिरवायची,
घंटी वाजली की एक वळण मागे.
सतरा आकडे त्यात एका दमात मावत नसत,
दोन खेपा घालाव्या लागत.
रोज पाच भाजक, जेवणं उरकल्यावर.
त्या खडखडाटाशिवाय काल्योला झोप येईनाशी झाली.

अकरा हिवाळे. दर वेळी बाकी.

मार्चमधल्या एका रात्री
वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस
आत गेला आणि काहीच उरलं नाही.
तिनं हेरिंगच्या खोक्याच्या झाकणावर
उलटा गुणाकार करून पाहिला:
बेरजेच्या प्रत्येक घरात
हातचा पुढे निघून जाई
आणि मागे एक उभा राही.

काल्योला हलवून म्हणाली, “फुटला.”
तो अंधारात बूट चाचपू लागला,
त्याला वाटलं, बर्फ.

मग खाटेवर बसून त्यानं विचारलं,
“दुसरा तुकडा केवढा?”
“पाच अब्ज छत्तीस कोटी बत्तीस लाख
बावीस हजार तीनशे सत्तावन्न.”
“बरा आहे,” म्हणाला, आणि आडवा झाला.

पुढल्या हिवाळ्यात खिडकीतून
दोन फांद्या जास्त दिसल्या.
माणसांनी जवळजवळ रोवल्या असतील,
किंवा तीच खुर्ची सरकवून बसली असेल.

एकोणीस एक कशानंही फुटत नाहीत,
हे आज मला ठाऊक आहे.
तिला कसं कळवू?
अडतिसाच्या ढांगा टाकत
ती केव्हाच बरीच पुढे गेली आहे.