नखभर मोकळीक

पहिल्या खुर्चीला मी पाठीशी मनोरा दिला,
हातांना कमानी, वर इवलासा क्रूससुद्धा.
रोसाउरा मावशी तिच्याभोवती दोनदा फिरली:
"हिच्यात बसायचं, की हिच्यापुढे गुडघे टेकायचे?"
त्या हिवाळ्यात ती चुलीत गेली.
सायप्रस छान जळतो, एवढं कळलं.

चिलोएतल्या आमच्या बेटावरचं चर्च
होड्या बांधणाऱ्यांनी बांधलं.
त्यांना दुसरं काय येणार?
एक मोठी होडी केली, उपडी घातली
आणि तिच्या पोटाखाली बाक मांडले.
खिळा म्हणून नाही. लाकडाला लाकडाचीच खुंटी.

बाबा त्याच हाताचे.
खांद्यावर कुणाची शवपेटी असली तरच आत जायचे.
राख बघून म्हणाले, "तू चेहरा उतरवून घेतलास.
वजन कुठनं खाली येतं, ते बघितलंस?"

मग मी मधल्या वाटेवर उताणी पडले.
झाडणारा एउलोखिओ माझ्या कडेकडेनं झाडत राहिला,
एक शब्द विचारला नाही.
फासळ्या मोजल्या. एकोणीस.
त्यातली एक उगाच जाड.
तिथे कुणीतरी घाबरलं असेल,
किंवा त्या दिवशी तेवढंच लाकूड होतं.
दुपारी वारा सुटला
आणि अख्खं छत एका कुशीवर कललं,
करकरलं, परत आलं.
सांध्यासांध्यात कुणी
नखभर मोकळीक ठेवून गेलं होतं.

आता मनोरा नाही, कमान नाही.
चार पाय खाली येताना जरा फाकलेले,
हलत्या होडीत उभं राहणाऱ्या माणसाचे असतात तसे.
पाठीला सात फासळ्या, एक मुद्दाम जाड.
खुंट्या मान्यिओच्या,
आणि सांध्यात तेवढंच, नखभर.

बाबा बसले. करकरली.
मी पाचर घेऊन पुढे झाले,
त्यांनी हात वर केला.
डावीकडे रेलले, मग उजवीकडे, डोळे मिटून.
नवी होडी पहिल्यांदा पाण्यात गेली
की असंच ऐकायचे ते, कान तळाकडे लावून.

बाहेर घराच्या खांबांवर भरती चढत होती.
बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग उठले, टोपी घातली,
दारात थांबून म्हणाले,
"त्या पहिलीचे पाय बरे होते गं.
जाळायची घाई केलीस."